बंद शटरांची यादी

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी विभागात पहिले निष्कर्ष मांडले. ऑनलाइन खरेदी वाढत असताना एका जुन्या बाजाररस्त्यावरचे व्यावसायिक कसे बदलत गेले, हा माझ्या पीएचडीचा विषय. तोवर ४१ मुलाखती झाल्या होत्या आणि त्या सगळ्यांतून एकच सूर उमटत होता. कुणी फोनवर मागणी घेऊ लागलं होतं, कुणी माल घरपोच करत होतं, तर कुणी विक्री कमी करून दुरुस्तीवर भर दिला होता. छोटा व्यावसायिक वाटतो तेवढा दुबळा नसतो, तो जुळवून घेतो, असं मी ठामपणे सांगितलं. माझा त्यावर मनापासून विश्वासही होता.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"या ४१ जणांत दुकान बंद केलेलं कुणी आहे का?"

कुणीच नव्हतं.

"म्हणजे जे टिकले त्यांनाच तू विचारलंस, की तुम्ही टिकलात का."

त्या रात्री मी सगळ्या मुलाखतींची टिपणं पुन्हा काढून बसले. चूक मुलाखतींत नव्हती, त्याच्याही आधी झाली होती. माझी यादीच चुकली होती.

यादी कशी केली ते सांगते, कारण अशा संशोधनातलं सगळ्यात किचकट आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं काम तेच आहे. रस्त्यावरची दुकानं मोजायला दोन दिवस पुरतील असं मला वाटलं होतं. सोळा दिवस लागले. दुकान म्हणजे काय, हेच आधी ठरवावं लागलं. एकाच शटरमागे दोन व्यवसाय होते, पुढे झेरॉक्स आणि मागे शिवणकाम. एकाच मालकाची तीन शटरं होती, त्यातलं एक नुसतं कोठार. एक शटर आठवड्यातून दोनच दिवस उघडायचं. संख्याशास्त्रात व्यवसायाची मालकी असलेली संस्था आणि प्रत्यक्ष काम चालतं ती जागा, म्हणजे आस्थापना, या दोन वेगळ्या गोष्टी धरतात. पुस्तकात हा फरक मी एका ओळीत वाचला होता. रस्त्यावर उभं राहिल्यावर कळलं की दोन्हींची मोजणी वेगळी येते, आणि कोणती घ्यायची हे ठरवताना निम्मा निष्कर्ष ठरून जातो.

व्यवसायाचा प्रकार लिहिणंही तितकंच अवघड. संयुक्त राष्ट्रांचं उद्योगांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण १९४८ साली पहिल्यांदा आलं. २००८ मध्ये छापलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत टपालाने किंवा इंटरनेटवरून होणाऱ्या किरकोळ विक्रीला वेगळा वर्ग आहे, क्रमांक ४७९१. पण सकाळी गल्ल्यावर विकणाऱ्या आणि संध्याकाळी फोनवरून माल पाठवणाऱ्या माणसाला कुठे बसवायचं? नियम सांगतो, जे मुख्य काम असेल तिथे. मुख्य काय, हे त्या माणसालाच सांगता येत नव्हतं, कारण ते दर महिन्याला बदलत होतं. पाचव्या आवृत्तीत विक्री कोणत्या मार्गाने होते यावरचा हा भेदच काढून टाकला गेला आहे. ते वाचलं तेव्हा बरं वाटलं. माझा गोंधळ माझ्या एकटीचा नव्हता.

शेवटी मी एक व्याख्या पक्की केली: ज्याची दर्शनी बाजू रस्त्याकडे आहे, ज्याला स्वतःचं शटर आहे आणि मोजणीच्या आठवड्यात जे एकदा तरी उघडलं, ते दुकान. सुटसुटीत आणि तपासता येण्याजोगी व्याख्या होती. शोधप्रस्ताव मांडताना सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.

संशोधनात सहभागी होणाऱ्यांना इजा पोहोचणार नाही ना, हे तपासणाऱ्या नीतिसमितीची मंजुरी लवकर मिळाली, पण तिथल्या एका प्रश्नाने मला अडवलं. नावं बदलली तरी रस्त्यावर घड्याळ दुरुस्त करणारं दुकान एकच असेल, तर वाचणारा ओळखणार नाही का? संमतीपत्र म्हणजे सहीचा कागद, इतकंच तोवर माझ्या डोक्यात होतं. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांपासून दूर ठेवून नुसतं निरीक्षण केलं गेलं. ते उघडकीला आल्यावर नेमलेल्या आयोगाने १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल दिला. माणसाचा आदर, हित आणि न्याय ही त्यातली तीन तत्त्वं आज समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. माझ्या अभ्यासात कुणाच्या जिवाला धोका नव्हता. पण कुणाची थकलेली उधारी, भावाभावांतलं भांडण, मुलाने धंद्याला दिलेला नकार हे सगळं माझ्या वहीत येणार होतं. त्यामुळे मी व्यवसायांची नावंसुद्धा गटांत लपवली. घड्याळवाला 'सूक्ष्म दुरुस्ती' या गटात गेला.

तर अशी काळजी घेऊन केलेली यादी, आणि तिच्यात फक्त उघडी शटरं.

मॅडमनी मला वाचायला दिलं ते सगळं याच चुकीबद्दल होतं. १९३६ मध्ये अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. आल्फ्रेड लँडन जिंकणार असा अंदाज त्यांनी छापला आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांच्याकडे या वस्तू होत्या त्यांचे. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवायची तसदी घेतली तेही वेगळ्याच मनोवृत्तीचे. मतपत्रिका लाखोंनी आल्या, पण त्यामुळे यादीतली खोट भरून निघाली नाही. दुसरं उदाहरण एब्राहम वॉल्ड यांचं. दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात काम करताना त्यांनी परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांचा अभ्यास केला. जी विमानं परत आलीच नाहीत त्यांच्या खुणा कुणालाच पाहता येणार नव्हत्या. ते न दिसणं हिशेबात धरल्याशिवाय विमान कुठे कमकुवत आहे हे कळणार नव्हतं. माझी ४१ दुकानं ही परत आलेली विमानं होती.

पण बंद झालेली दुकानं शोधायची कुठे? सरकारी नोंदणीत सुरू होण्याची तारीख असते. बंद झाल्याची नोंद करायला मात्र फारसं कुणी जात नाही, त्यामुळे कागदावर कितीतरी दुकानं अजून चालू होती. व्यापारी संघाच्या वह्यांत वर्गणी थांबल्याचं वर्ष मिळालं. ते दुकान बंद होण्याचं वर्ष असेलच असं नव्हतं, कारण काही जण संघाशी बिनसल्यामुळेही बाहेर पडले होते. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ग्रंथालयात होत्या, पण मोबाइल आल्यानंतरच्या वर्षांना त्या निरुपयोगी. गूगल स्ट्रीट व्ह्यूवर, म्हणजे नकाशासोबत दिसणाऱ्या रस्त्यांच्या चित्रांत, काही पाट्या वाचता आल्या. काही चित्रांत नेमकी मोठी गाडी आडवी उभी.

खरी यादी मिळाली ती पाट्या रंगवणाऱ्या एका काकांकडून. रस्त्याच्या मागच्या बोळात, जिन्याखालच्या जागेत ते काम करत. फ्लेक्स आल्यापासून हाताने रंगवलेल्या पाट्या कुणी मागत नव्हतं, पण काकांनी कामाच्या वह्या जपून ठेवल्या होत्या. दुकानाचं नाव, पाटीची लांबी-रुंदी, अक्षरांचा रंग, तारीख आणि पैसे मिळाले की नाही, सगळं नीट लिहिलेलं. दुकानाचं नाव बदललं, भाऊ वेगळे झाले, धंदा बदलला, की नवी पाटी लागते. एका वहीत एकाच शटरची वीस वर्षांतली चार नावं सापडली. मी तीन आठवडे रोज दुपारी त्यांच्याकडे बसून वह्या उतरवून घेतल्या. ते मला मधेच थांबवून सांगत, "हे निळं लिहिलंय ना, ते मुलगी झाली तेव्हा बदललं. आधी पिवळं होतं." मी तेही समासात लिहून ठेवत होते. उपयोग काय होणार ते तेव्हा माहीत नव्हतं.

चार्ल्स बूथ यांनी १८८६ पासून १९०३ पर्यंत लंडनच्या गरिबीची पाहणी केली आणि रस्तोरस्ती आर्थिक स्थितीप्रमाणे रंग भरले, सगळ्यात गरीब वस्तीला काळा, सगळ्यात श्रीमंतांना पिवळा. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस १८९६-९७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर हिंडले. शहर समजून घ्यायचं तर दारापर्यंत जावं लागतं, हे त्या कामांकडे बघून मी मनाशी धरलं होतं. माझ्यापुढे प्रश्न होता की दारच उरलं नसेल तर कुठे जायचं. काकांच्या वह्यांनी मला ती दारं दाखवली.

वह्या, संघाच्या नोंदी आणि शेजाऱ्यांच्या आठवणी एकमेकींशी ताडून बघितल्या. मग शोधाशोध सुरू झाली. एकाचा पत्ता दुसऱ्याकडून, दुसऱ्याचा तिसऱ्याकडून. काही माणसं हयात नव्हती. काहींनी दारातूनच नको म्हटलं आणि मी परत फिरले. धंदा गेला त्याबद्दल बोलायला कुणालाही लावू नये. बोलले ते मात्र खूप बोलले.

अडचण आली ती तारखांची. "चार-पाच वर्षं झाली असतील," असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणे. वहीत बघावं तर नऊ वर्षं झालेली. जॉन नेटर आणि जोसेफ वॅक्सबर्ग यांनी १९६४ मध्ये घरदुरुस्तीच्या खर्चाच्या पाहणीतून दाखवलं होतं की माणसं जुन्या घटना अलीकडे ओढून सांगतात. दुर्बिणीतून पाहिल्यासारखं दूरचं जवळ येतं. यावर उपाय म्हणजे थेट साल न विचारणं. एक मोठा कागद घ्यायचा, त्यावर आडवी वर्षं मांडायची आणि आधी घरातल्या घटना भरायच्या: लग्न, जन्म, आजारपण, घर बदलणं. मग दुकान त्या घटनांच्या मधे आपोआप येऊन बसतं. इथे समासातली ती टिपणं कामाला आली. "मुलगी झाली तेव्हा पाटी निळी केलीत ना?" असं विचारलं की समोरच्या माणसाचा चेहरा बदलायचा. "हो. आणि ती चौथीत होती तेव्हा आम्ही आवरलं." मग साल काढायला बोटं पुरत.

या मुलाखतींनी माझे आधीचे दोन्ही समज मोडले.

पहिला समज असा की दुकानं ऑनलाइन खरेदीने बंद पडली. कारणांच्या साखळीत ती होती, पण क्वचितच पहिल्या जागी. बहुतेकांनी आधी घाऊक व्यापाऱ्याबद्दल सांगितलं. गिऱ्हाईक थोडं कमी झालं की दुकानदार माल कमी उचलतो. कमी माल उचलणाऱ्याला घाऊक व्यापारी उधारीची मुदत कमी करतो, कारण त्याच्यावरही वरून तोच दाब असतो. मुदत कमी झाली की खणात विविधता राहत नाही, आणि खण रिकामे दिसले की उरलेलं गिऱ्हाईकही जातं. सुरुवातीची घट लहान असते, उधारी आटत गेली की ती मोठी होते. एका बाईंनी मला हे एका वाक्यात सांगितलं: "गिऱ्हाईक गेलं नव्हतं गं, माल द्यायचं बंद झालं." भाडेकराराचं नूतनीकरण, मालकाचं आजारपण, खणून ठेवलेला रस्ता अशी कारणंही होती. ती आपापल्या जागी लहान होती, पण उधारी आटलेल्या दुकानाला त्यांतलं कुठलंही एक पुरलं.

दुसरा समज जास्त खोलवर रुजलेला होता. बंद म्हणजे हरलेला आणि चालू म्हणजे जिंकलेला. दुकान बंद केलेल्यांत असे लोक भेटले ज्यांनी जागा चांगल्या किमतीला विकून दुसरा व्यवसाय उभा केला होता. एकाने शटर सोडलं होतं, गिऱ्हाइकं सोडली नव्हती. तो घरून काम करत होता. मी त्याला विचारलं, "दुकान बंद केलंत तेव्हा..." त्याने मला तिथेच थांबवलं. "बंद नाही केलं. हललो." उलट माझ्या 'जुळवून घेणाऱ्या' ४१ जणांत, पुन्हा विचारल्यावर कळलं, काही जण केवळ जागा स्वतःची होती आणि भाडं द्यायचं नव्हतं म्हणून तिथे होते. दिवसाला दोन गिऱ्हाइकं आली तरी शटर उघडत, कारण घरी बसून करणार काय.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं १९७३ चं संशोधन प्रसिद्ध आहे ते ओळखीपाळखीच्या सैल धाग्यांबद्दल, म्हणजे नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखींतून येते याबद्दल. त्या कामासाठी त्यांनी बॉस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ही नोकरी मित्राकडून कळली का. लोक त्यांना दुरुस्त करत: मित्र नाही, नुसती ओळख. त्या दुरुस्तीत त्यांचा सिद्धान्त होता. माझ्या त्या 'हललो'चं महत्त्व मला लगेच कळलं नाही, याची खंत वाटते. मी वहीत आधी 'बंद'च लिहिलं होतं.

ते सुधारलं कोडिंगच्या वेळी. मुलाखतींतल्या विधानांना मी संकेत दिले होते, आणि नियमाप्रमाणे माझ्याच विभागातल्या एका मैत्रिणीने माझे संकेत न बघता काही मुलाखती स्वतंत्रपणे लावल्या. दोघींचं किती जुळतं हे मोजायला जेकब कोहेन यांचं १९६० चं कप्पा हे माप वापरतात. नुसत्या योगायोगाने जेवढं जुळेल तेवढं ते वजा करतं. बाकी सगळीकडे आमचं चांगलं जमलं, 'बंद' या एकाच संकेतावर कप्पा कोसळला. दोन दिवस आम्ही वाद घातला. ती म्हणत होती, शटर गेलं म्हणजे बंद. मी म्हणत होते, व्यवसाय चालू आहे. वाद घालता घालता लक्षात आलं की दोघीही आस्थापना आणि व्यवसाय यांतला तोच फरक बोलतोय, ज्यावर मी पहिल्या महिन्यात अडले होते. मग 'बंद' मोडून तीन संकेत केले: उठलं, हललं, वारसाविना थांबलं. पुढचं सगळं विश्लेषण त्या तीन शब्दांवर उभं राहिलं.

आकडेमोडीला वेळ कमी लागला. एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये दिलेल्या पद्धतीने दुकानांच्या आयुष्याचा आलेख काढला. तो जिन्यासारखा पायऱ्या पायऱ्यांनी उतरतो. अजून चालू असलेल्यांचं आयुष्य 'निदान इतकं तरी' असं धरलं जातं, त्यांना वगळत नाहीत. मात्र जे अभ्यास सुरू होण्याआधीच गेले आणि ज्यांची नोंदही कुठे नाही, त्यांना कोणतंच सूत्र परत आणत नाही. प्रबंधात मी त्याचं स्वतंत्र प्रकरण केलं. एका परीक्षकांनी ते छोटं करायला सांगितलं. मी केलं नाही. कारणं लेखी कळवली आणि ती मान्य झाली.

प्रबंध दिल्यावर मी दुकानांची अंतिम यादी घेऊन काकांकडे गेले. त्यांच्या वह्यांशिवाय ती झाली नसती. नावांऐवजी क्रमांक होते, पण शटरचा क्रम तोच असल्यामुळे त्यांना एकेक ओळ ओळखता आली. बोट फिरवत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले. दोन ठिकाणी वर्ष चुकलं होतं, त्यांनी सांगितलं, मी टिपून घेतलं. मग कागद उलटून मागची बाजू बघितली.

"यात बोळ नाही."

"बोळ रस्त्याकडे उघडत नाही ना, काका. ज्यांचं शटर रस्त्यावर आहे तेवढीच घेतली."

"मला शटर कधीच नव्हतं," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं जिन्याखाली बसलो."

माझ्या व्याख्येत ते बसत नव्हते. तीन आठवडे मी त्यांच्या समोर बसून साऱ्या रस्त्याचं उठणं-हलणं लिहून घेतलं आणि त्यांच्या कामाचं काय झालं, ते एकदाही विचारलं नाही. बोळात आणखी कोण कोण होतं, तेही नाही.

पिशवीत कोरं संमतीपत्र होतं. ते त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी सही केली. मी मोठा कागद जमिनीवर पसरला, आडवी वर्षं लिहिली.

"बोळात तुमच्या शेजारी कोण कोण बसायचं, काका?"

"थांब," ते म्हणाले, आणि जिन्याच्या तोंडापासून नावं सांगायला लागले.